नागपूरचे ऊन कोणाच्या पदरात किती?

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांचे नागपूरला जाणे कामापुरतेच असते. कोणी संत्र्याची गाडी घेऊन कळमन्याच्या बाजारात जातो, कोणी मेडिकलमध्ये पेशंट दाखवायला, कोणी कोर्टाच्या तारखेला, तर कोणी मुलाच्या कॉलेजच्या कामाला. काम आटोपले की सीताबर्डीला एक फेरी, घरच्यांसाठी संत्राबर्फीचा डबा, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. पुढच्या खेपेला मात्र एवढे करा. चालता चालता मान वर करून छपरांकडे बघा. कारखाने, शाळा, दवाखाने, लग्नाची सभागृहे, जिकडे पाहाल तिकडे निळ्याकाळ्या सोलरच्या प्लेटा उन्हाकडे तोंड करून बसलेल्या दिसतील.

मी शेतीखात्यातला माणूस. गावात गेलो की पूर्वी लोक बियाण्याचे, फवारणीचे विचारत. आता चहाचा कप हातात येतो न येतो तोच कोणीतरी विचारतो, "साहेब, गिरणीवर प्लेटा लावल्या तर सबसिडी किती भेटते?" विचारणारा कधी दालमिलवाला असतो, कधी जिनिंगवाला, कधी संत्र्याचे ग्रेडिंग करणारा तरुण. प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर न समजल्यामुळे चांगली शेते बँकेत तारण पडताना मी पाहिली आहेत. म्हणून आज आपण नागपूरची एक फेरी मारू आणि जाता जाता हा हिशोब समजून घेऊ.

कोळशाच्या गावात उन्हाचे पीक

नागपूर हे मुळात कोळशाच्या विजेचे गाव. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा इथली औष्णिक वीज केंद्रे आहेत. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत, खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॅट आहे. कोळसा खाणींचा कारभार पाहणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे. अशा या गावाची केंद्र सरकारच्या सौर शहर कार्यक्रमात आदर्श सौर शहर म्हणून निवड झाली होती. ज्या गावाने राज्याला धुराड्यांची वीज पुरवली, त्याच गावाच्या छपरांवर आता उन्हाची वीज पिकू लागली आहे.

ऊन इथे कमी नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लेटेला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. प्लेटेची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडची प्लेट ६०-६५ अंशांपर्यंत तापते, तेव्हा तिची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. पावसाळ्यात ढगांमुळे वीज कमी. हे सगळे धरून वर्षाची सरासरी काढली, तर एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १४०० युनिट मिळतात. जागा लागते किलोवॅटला शंभरेक चौरस फूट, तीही सावली नसलेली. कोणी याच्या दीडपट-दुप्पट वीज होईल म्हणून सांगत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

खापरीची मेट्रो: दुसऱ्याचा पैसा, आपले छप्पर

रेल्वे स्टेशनजवळून मेट्रोत बसा, सीताबर्डीला गाडी बदला आणि नारंगी मार्गाने दक्षिणेला खापरीपर्यंत जा. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली ती याच बाजूने. विमानतळ मागे पडले की न्यू एअरपोर्ट, खापरी या स्टेशनांच्या छपरांवर प्लेटांच्या रांगा दिसतात.

यातली गंमत अशी की या प्लेटांसाठी मेट्रोने स्वतःची गाठ सोडली नाही. दुसऱ्या कंपनीने पैसा घातला, तीच देखभाल करते, आणि मेट्रो फक्त झालेल्या विजेचे युनिटमागे ठरलेले पैसे देते. या पद्धतीला धंद्यात रेस्को म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हा बटाईचा व्यवहार. छप्पर आपले, बैल-औत दुसऱ्याचे.

असे का करावे? कारण प्लेटांवरच्या मुख्य सरकारी सवलती ज्याच्या मालकीच्या प्लेटा असतात आणि जो आयकर भरतो, त्यालाच कामाला येतात. ज्याला कर वाचवायचा नाही, त्याने मालकी दुसऱ्याला द्यावी आणि स्वस्त वीज घ्यावी, हा त्यातला हिशोब. मात्र असा करार वीस-पंचवीस वर्षांचा असतो. मध्येच गिरणी विकली, छप्पर बदलले, तर काय, हे कलम सहीच्या आधी वाचून घेतले पाहिजे.

बुटीबोरीचा कारखानदार: घसाऱ्याचे गणित

खापरीहून वर्धा रोडने पुढे गेले की बुटीबोरीची औद्योगिक वसाहत लागते. इथल्या मोठ्या शेडवर सौर संच बसवणाऱ्या कारखानदाराला सरकार रोख काही देत नाही. त्याला मिळते ती घसाऱ्याची सवलत.

घसारा म्हणजे काय? यंत्र वापरले की त्याची किंमत दरवर्षी उतरते. तेवढी रक्कम नफ्यातून वजा करू देतात आणि उरलेल्या नफ्यावर कर घेतात. साध्या यंत्राला हा दर वर्षाला १५ टक्के आहे. सौर यंत्रांना तो एके काळी शंभर टक्के होता, पुढे ८० वर आला, आणि १ एप्रिल २०१७ पासून ४० टक्के आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोपे पडावेत म्हणून ५० किलोवॅटचा संच २० लाखांना बसला असे धरू. ४० टक्क्यांनी पहिल्या वर्षी ८ लाख रुपये नफ्यातून वजा होतात. कारखानदार ३० टक्क्यांनी कर भरत असेल, तर त्याचा २ लाख ४० हजारांचा कर वाचतो. साध्या १५ टक्के दराने ९० हजारच वाचले असते. दुसऱ्या वर्षी उरलेल्या १२ लाखांवर ४० टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजारांची वजावट. असे होत होत काही वर्षांत बहुतेक किंमत वजा होऊन जाते. थोडक्यात, ही सवलत म्हणजे कर लवकर वाचणे आहे, फुकट मिळालेला पैसा नव्हे. शिवाय नवी यंत्रे घेणाऱ्या कारखान्याला काही अटींवर पहिल्या वर्षी आणखी २० टक्के वजावट मिळते, पण कमी दराची नवी करपद्धती घेतलेल्या कंपनीला ती मिळत नाही.

तारखेलाही महत्त्व आहे. संच त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी चालला तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणून जाणता कारखानदार सप्टेंबर संपायच्या आत संच सुरू करून घेतो.

दुसरी सवलत जीएसटीची. सौर साहित्यावरचा हा कर २०१७ मध्ये ५ टक्के होता, ऑक्टोबर २०२१ पासून १२ झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा ५ टक्क्यांवर आला. जुने कोटेशन हातात असेल तर ते बदलून मागा. कराचा जुना दर तसाच लिहून ठेवणारे विक्रेते असू शकतात.

नुसत्या करसवलतीच्या मागे लागले की काय होते, याचा धडा आपल्या राज्याने पूर्वी घेतला आहे. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यात कर वाचवण्यासाठी पैसा घालणारे बरेच होते. चक्की उभी केली की घसारा मिळे, ती किती फिरते याची तेवढी काळजी नसे. म्हणूनच केंद्राने २००९ मध्ये पवनविजेसाठी झालेल्या युनिटवर ५० पैसे देण्याची योजनाही आणली. प्लेटा लावताना हे ध्यानात ठेवावे. यंत्र वीज देते की नाही हे पहिले, कर किती वाचतो हे नंतरचे.

हीच सवलत गावात आल्यावर

आता बुटीबोरीहून मागे फिरू आणि कळमेश्वर-काटोलच्या बाजूला येऊ. या भागातल्या एका दालमिलवाल्याची गोष्ट सांगतो. त्याच्याकडे एक विक्रेता येऊन ५० किलोवॅटच्या संचाचे कोटेशन देऊन गेला. मला दालमिलवाला म्हणाला, "साहेब, चाळीस टक्के सबसिडी भेटते म्हणते तो. बाकीच्या पैशासाठी वावर बँकेत लिहून देतो." मी म्हटले, "भाऊ, आधी कागद दाखवा." कागदावर छापले होते, "४० टक्के घसारा लाभ". घसाऱ्याचे बोलता बोलता सबसिडी झाली होती.

आम्ही दोघे त्याच्या सी.ए.कडे गेलो. तिथे जे कळले ते तुम्हीही समजून घ्या, कारण गावातल्या बहुतेक लहान उद्योजकांना ते लागू पडते.

पहिली गोष्ट, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. ज्याचे सगळे उत्पन्न शेतीचे, त्याला घसाऱ्याचा काहीच उपयोग नाही. जो करच भरत नाही त्याचा कर वाचणार कुठून?

दुसरी गोष्ट, पुष्कळ लहान व्यापारी उलाढालीच्या ठरावीक टक्क्याला नफा धरून कर भरतात. या सोप्या पद्धतीत घसारा आधीच वजा झाला असे मानतात. वेगळा मागता येत नाही.

तिसरी गोष्ट, २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत व्यक्तीला वर्षाच्या १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर आयकर द्यावा लागत नाही. ज्या दालमिलवाल्याचा नफा सात-आठ लाख आहे, त्याला कर नाही, म्हणून घसाऱ्याची ४० टक्के सवलत त्याच्या दृष्टीने कागदावरची.

दालमिलवाला थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे बुटीबोरीवाल्याले जे भेटते ते मले नाही." तसेच आहे. एकच सवलत, पण मोठ्या कारखान्याला भरघोस आणि लहान गिरणीला कोरडी. मोठ्याच्या अंगाला बेतलेला सदरा लहानाच्या अंगात बसत नाही.

म्हणून प्लेटा लावूच नयेत असे नाही. आम्ही बसून हिशोब केला, तो विजेच्या बचतीवर. सवलत शून्य धरली. त्याची मिल दिवसा चालते. २० किलोवॅटचा संच वर्षाला २८ हजारांच्या आसपास युनिट देईल. त्याचे युनिट आठ रुपयांना पडते असे धरले तर वर्षाला सव्वादोन लाखांची बचत. संचाची किंमत आठ लाख धरली तर चार वर्षांत पैसा फिटतो, प्लेटा पंचवीस वर्षे चालतात. त्याने ५० ऐवजी २० किलोवॅटचाच संच बसवला. त्यासाठी वावर लिहून द्यावे लागले नाही. तुम्ही हिशोब कराल तेव्हा आठ रुपये धरू नका, आपल्या लाइट बिलावरचा युनिटचा दर घ्या. स्थिर आकार प्लेटा लावूनही भरावाच लागतो, तो बचतीत मोजू नका.

मीटर, महिना आणि तास

नेट मीटर म्हणजे जादा झालेली वीज महावितरणला देणे आणि नंतर तेवढी वळती करून घेणे. राज्यात याचे नियम २०१५ मध्ये आले आणि २०१९ मध्ये नव्याने झाले. जादा युनिट आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढे ओढता येतात. ३१ मार्चला जे उरतील, त्यांना बराच कमी भाव मिळतो.

जिनिंगवाल्यांनी इथे लक्ष द्यावे. तुमचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. एप्रिल ते ऑक्टोबर मशीन बंद, पण प्लेटा चालूच. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, म्हणून उन्हाळ्यात साठलेली युनिट हिवाळ्यातल्या बिलात उपयोगी पडू शकतात. मात्र संच एवढाच घ्या की मार्चअखेर शिल्लक फारशी उरू नये.

पण आता दिवसाच्या तासांचाही भाव बदलतो आहे. केंद्राने जून २०२३ मध्ये नियम केला की उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी असावा आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत जादा असावा. दहा किलोवॅटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी त्याची मुदत १ एप्रिल २०२४ ची होती. कारण सरळ आहे. सगळ्यांच्या प्लेटा दुपारी एकदमच वीज देतात. बाजारात एकाच दिवशी सगळ्यांची संत्री आली की भाव पडतो, तसेच हे. दुपारी वाचलेल्या युनिटची किंमत त्यामुळे कमी धरावी लागते, आणि दुपारची जादा वीज संध्याकाळच्या महाग तासांसमोर जशीच्या तशी वळती होईलच असे नाही. रात्री चालणाऱ्या गिरणीपेक्षा दिवसा चालणाऱ्या गिरणीला प्लेटा जास्त मानवतात. शक्य असेल त्याने कामाची पाळी दिवसा घ्यावी.

कर्जावरची सवलत, आपल्या कामाची

लहान माणसाला कराच्या सवलतीपेक्षा व्याजाची सवलत जास्त उपयोगी. केंद्राचा कृषी पायाभूत सुविधा निधी २०२० मध्ये सुरू झाला. गोदाम, शीतगृह, पॅकहाऊस, प्रतवारी केंद्र अशा कामांना २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे ३ टक्के व्याज सरकार सोसते. काटोल, नरखेड भागातल्या संत्रा उत्पादकांनी ग्रेडिंगची शेड किंवा शीतगृह उभारायचे ठरवले, तर सौर संच त्याच प्रकल्पात धरावा आणि बँकेला एकत्रच आराखडा द्यावा. २० लाखांच्या कर्जावर ३ टक्के म्हणजे पहिल्या वर्षी साठ हजारांच्या घरात. ही सवलत कर भरणाऱ्यालाही आणि न भरणाऱ्यालाही सारखी. या निधीच्या कर्जवाटपाची मुदत २०२५-२६ पर्यंत ठरलेली होती, म्हणून बँकेत पहिला प्रश्न मुदतीचाच विचारा.

बँक नाही म्हणेल अशी भीती बाळगू नका. अपारंपरिक ऊर्जेची कर्जे रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्रात मोडतात. २०२५ च्या नियमांत त्यांची मर्यादा ३५ कोटींपर्यंत वाढवली आहे.

घरचे मीटर वेगळे, धंद्याचे वेगळे

आता भगिनींसाठी दोन शब्द. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. तीत रोख अनुदान आहे: दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार. पण हे घरगुती मीटरला आहे. बचत गटाची पिठाची गिरणी, पापडाचे युनिट, मसाल्याची चक्की व्यापारी मीटरवर असेल तर त्याला हे अनुदान नाही. गिरणीसाठी सूर्यघरचे ७८ हजार मिळवून देतो असे कोणी म्हटले तर आगाऊ पैसे देऊ नका.

ज्यांच्याकडे पडीक जमीन आहे आणि महावितरणचे उपकेंद्र जवळ आहे, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ ठरली आहे. ओलिताची काळी जमीन मात्र यात घालू नये, असे माझे मत आहे.

जाता जाता

कोटेशन घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी लिहून मागा: वर्षाला किती युनिट देणार, बिघाड झाल्यास किती दिवसांत माणूस येणार, आणि कोणती सवलत कोणत्या नावाखाली मिळणार. "सबसिडी" हा शब्द आला की तो कोणत्या योजनेचा, हे महाऊर्जा किंवा महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात, तेव्हा विमा उतरवा. जिनिंगची रुई आणि कोराडी-खापरखेड्याकडची राख प्लेटेवर बसते, म्हणून पंधरवड्याला सकाळी, प्लेटा थंड असताना, साध्या पाण्याने धुवा. छप्पर जुन्या पत्र्याचे असेल तर ते वजन पेलेल का, हे आधी तपासून घ्या.

आणि सर्वांत आधी, गेल्या बारा महिन्यांची लाइट बिले आणि मागच्या वर्षीचे आयकराचे कागद घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा समोर ठेवा. सवलत शून्य धरून जो संच परवडतो, तेवढाच घ्या. वरून काही मिळाले तर आनंद आहे. न मिळाले तरी वावर आपल्या नावावर राहील, आणि गिरणी दिवसा उन्हावर चालेल.